शोधणाऱ्याचं नाव आमच्याकडे नाही

"ही बघा काळी पट्टी. तुमचा पत्ता कुठेच दिसत नाही," आनेके तिसऱ्यांदा म्हणाली.

"कागदावर दिसत नाही हो," काउंटरपलीकडचा माणूस म्हणाला. "तुमच्या सर्चमध्ये टाका. कॅनबिस, हरितगृह. दोनच शब्द. टाका ना!"

बुधवारची सकाळ होती. मी खेमेन्तेत, म्हणजे इथल्या डच नगरपालिकेत, आनेकेच्या शेजारी लॅपटॉप उघडून बसले होते. आनेके तिथल्या रेकॉर्ड विभागातली. मी पुण्याची, सॉफ्टवेअर टेस्टर, ज्या कंपनीने त्यांचं नवं पोर्टल बांधलं तिथली. दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. घरी तेच काम मी फुकट करते, असं नवरा म्हणतो.

मी ते दोन शब्द टाकले. पहिल्याच ओळीत त्याचा कागद आला. खाली सर्च दाखवतं तशी दोन ओळींची झलक. त्यात त्याच्या बायकोचं नाव, रस्ता, घर क्रमांक, आणि पुढे "घरामागील हरितगृह, अलार्मची जागा पश्चिमेच्या दाराशी". जे जे पट्टीखाली झाकलं होतं, ते सगळं.

हे झालं कसं, ते सांगते. आपल्याकडे माहितीचा अधिकार आहे, तसाच कायदा इथेही आहे. कुणीही सरकारी कागद मागू शकतो, आणि एकदा दिलेला कागद सगळ्यांसाठी पोर्टलवर टाकावा लागतो. देण्याआधी माणसांची नावं, पत्ते यांवर काळी पट्टी मारतात. कुणीतरी गावातल्या वासाच्या तक्रारींचे सगळे कागद मागितले होते. त्यात ह्या माणसाचा, बायकोच्या नावाने केलेला अर्ज होता, हरितगृहाला वासाचे फिल्टर बसवण्याचा.

त्याचं नाव खेरित. तो औषधासाठीचा गांजा पिकवतो. चोरून नाही, सरकारी परवान्यावर. त्याचा माल पेशंटसाठी फार्मसीत जातो. ह्या धंद्यात जागा गुप्त ठेवावी लागते, परवान्याची अटच तशी. दारावर पाटी नाही. शेजाऱ्यांना सांगितलंय की आत औषधी वनस्पती आहेत, जे खोटंही नाही. कारण असा माल लुटायला येणारी माणसं बेल वाजवून येत नाहीत. आणि हरितगृहाच्या पुढच्याच घरात तो, त्याची बायको आणि सायकलने शाळेत जाणाऱ्या दोन मुली राहतात.

त्याच्या बायकोला फिल्टरच्या अर्जाचं काय झालं ते बघायचं होतं. म्हणून तिने आदल्या दिवशी सर्च केलं, तर स्वतःचंच नाव समोर. खेरितने हेल्पडेस्कला चार फोन केले. प्रत्येकाने कागद उघडून पट्टी पाहिली आणि "सगळं ठीक आहे" म्हणून सांगितलं. सर्च करून एकानेही बघितलं नाही!

आता सर्चचं. पुस्तकाच्या शेवटी शब्दांची यादी असते, कुठला शब्द कुठल्या पानावर. सर्चही तशीच यादी आधी बनवून ठेवतं. आमच्या पोर्टलमध्ये ती यादी मूळ कागदावरून बनत होती, पट्टी मारायच्या आधी. कारण खेमेन्तेतल्या लोकांना आतल्या आत मूळ मजकूर शोधता यायला हवा होता. आणि बाहेरच्या जनतेला आम्ही तीच यादी दिली. दोन याद्या बनवायचा कंटाळा, दुसरं काय!

हे मला माहीत होतं का? होतं. हेच मला अजून टोचतं. पोर्टल चालू व्हायच्या चार दिवस आधी मी तिकीट, म्हणजे चुकीची नोंद, लिहिलं होतं, "बाहेरचं सर्च मूळ मजकूर वापरतंय". प्रायोरिटी हाय. चालू करायच्या दिवशी सकाळी आमचा डिलिव्हरी मॅनेजर नितीन माझ्या डेस्कपाशी आला. "सुचेता, आत्ता हे काढू नकोस. लो कर, पुढच्या रिलीजला घेऊ." त्याच्या मागे टेबलावर गो-लाइव्हचा केक येऊन पडला होता. मी लो केलं. केकही खाल्ला.

मी तिथूनच नितीनला फोन लावला.

"नितीन, सर्च बंद कर. आत्ताच्या आत्ता."

"अगं, प्रॉडक्शन आहे ते, लोक वापरतायत. चेंज रिक्वेस्ट टाक, क्लायंटचं अप्रूव्हल घे."

"एका माणसाच्या घराचा पत्ता आणि अलार्मची जागा दिसतेय."

"डॉक्युमेंट क्लीन आहे ना पण?"

तळपायाची आग मस्तकात गेली. "डॉक्युमेंट घाल चुलीत! सर्चमध्ये दिसतंय म्हणतेय मी!"

"हे बघ, ते तिकीट लो होतं. प्रोसेसप्रमाणे..."

मी फोन ठेवला. प्रोसेसप्रमाणे क्लायंटचं अप्रूव्हल म्हणजे आनेकेच्या साहेबांची सही. आणि बुधवारी साहेबांची सुट्टी. इथे बरेच बाप बुधवारी घरी मुलांबरोबर असतात. चांगली पद्धत आहे, एरवी मला कौतुकच वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं. आनेकेने दोनदा फोन केला. ते मुलांना घेऊन पोहायला गेले होते.

मी तिला म्हटलं, "तुझ्या लॉगिनमध्ये सेटिंग्ज आहेत. तिथे सर्चचं बटण आहे. ते बंद करता येतं."

"मला अधिकार आहे का?"

"बटण तर आहे."

तिने एकदा खेरितकडे पाहिलं. मग बटण दाबलं. "साहेबांनी विचारलं तर सांगेन, पुण्याच्या बाईने सांगितलं," ती म्हणाली. सांग की, मी कुठे नाही म्हणते?

सर्च बंद झालं. मला वाटलं, खेरित जरा शांत होईल. तो तसाच उभा. म्हणाला, "आता एवढंच सांगा. हे कुणी पाहिलं?"

प्रश्न रास्त होता. मी नोंदी उघडल्या. कोणते शब्द शोधले, किती वाजता, कुठला कागद वर आला, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. त्याचा कागद नऊ वेळा वर आला होता. आमचं आत्ताचं एक, खेरित आणि त्याच्या बायकोचे मिळून सहा. त्याने वेळा जुळवून पाहिल्या. उरले दोन. दोन्ही मागच्या रविवारी दुपारी, अकरा मिनिटांच्या अंतराने. पहिल्यात शब्द होते "कॅनबिस हरितगृह". दुसऱ्यात "कॅनबिस हरितगृह अलार्म".

आनेकेने शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं.

"कोण आहे हा?" खेरितने विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे? तुमच्या कॉम्प्युटरला माहीत असेल ना?"

नव्हतं. सरकारी कागद वाचणाऱ्या नागरिकावर कुणी पाळत ठेवू नये, म्हणून त्याच्या मशीनचा पत्ता आम्ही चोवीस तासांत पुसून टाकतो. तत्त्व म्हणून उत्तम आहे, आजही मला ते पटतं. ते पुसलं जातं की नाही, हे मीच तपासलं होतं. तीन दिवस डोळ्यात तेल घालून तपासलं. एक ठिपका उरू दिला नव्हता. त्या टेस्टला हिरवी खूण मीच लावली होती.

हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे जो माझं घर शोधत होता, त्याची प्रायव्हसी तुम्ही नीट सांभाळलीत," तो म्हणाला.

थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. त्याने तिथेच उभं राहून बायकोला फोन लावला. डच मला कामापुरतं येतं, तेवढं कळलं. मुलींना शाळेतून घरी आणू नकोस, थेट तुझ्या बहिणीकडे घेऊन जा, मी कपडे आणतो.

पुढच्या दोन दिवसांत दुसरी यादी तयार झाली. दोन दिवस! जे काम "पुढच्या रिलीजला घेऊ" होतं, ते दोन दिवसांचं होतं. मग रिपोर्ट आला. असा मजकूर फुटला की सरकारला कळवावं लागतं, आणि ज्याचा फुटला त्यालाही. नितीनने मसुदा केला होता. त्यात वाक्य होतं, "गैरवापराचा कोणताही पुरावा आढळला नाही."

"हे वाक्य काढ," मी म्हटलं.

"का? खोटं आहे का? पुरावा आहे का तुझ्याकडे?"

"पुरावा आपणच पुसतो, नितीन. रोज. मग आढळणार कुठून? कोणी पाहिलं ते आम्हाला माहीत नाही, असं लिही. आणि ते 'अलार्म'चं सर्चही लिही."

"तो एखादा पत्रकार असेल गं. किंवा कोणी असंच, रविवारी वेळ जात नव्हता म्हणून."

"असेल. मग तू जाऊन राहा त्या घरात."

तो चिडला. मी सांगून टाकलं की ते वाक्य राहिलं तर माझं नाव रिपोर्टवर नको, आणि नाव का नको ते मी क्लायंटला स्वतः कळवेन. दुसऱ्या दिवशी वाक्य गेलेलं होतं. तिकीट लो कुणी केलं, हेही मी त्यात लिहिलं. नितीनच्या सांगण्यावरून मी. दोघांची नावं.

परवाना देणाऱ्या खात्याची माणसं खेरितकडे येऊन गेली. जागा उघड झाली आहे, दुसरीकडे हलवा, म्हणाली. चूक आमची, आणि बिऱ्हाड त्याने हलवायचं. बायको आणि मुली परत त्या घरात राहायला गेल्याच नाहीत. मुलींची शाळा बदलली. तो एकटा येऊन-जाऊन पीक सांभाळायचा, उभं पीक असं टाकून देता येत नाही, त्याच्यावर पेशंट अवलंबून असतात. हे मला आनेकेकडून कळलं. मी त्याला एकदा फोन केला होता, माफी मागायला. त्याने ऐकून घेतलं, "ठीक आहे" म्हणाला नाही. का म्हणावं?

चोर आले नाहीत. ना त्या महिन्यात, ना नंतर. ते दोन सर्च कुणी केले, ते आजतागायत कळलेलं नाही आणि कधी कळणारही नाही.

मध्यंतरी आमच्या एका नव्या प्रोजेक्टची मीटिंग होती. नितीनने हे प्रकरण उदाहरण म्हणून सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "नशिबाने काही झालं नाही."

मी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "चार माणसं आपलं घर सोडून गेली. काही झालं म्हणायला अजून काय व्हायला हवं होतं तुला?"

मीटिंग पुढे सरकली. पण त्या प्रोजेक्टचं माझं पहिलं तिकीट हाय होतं, आणि ते लो करायला कुणी माझ्या डेस्कपाशी आलं नाही.