पंधरा दुवे, सहा वाजेपर्यंत

ऑपरेटरबाईंनी आयुष्याची एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये या भोकातली वायर त्या भोकात खुपसण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर त्याच कामावर विकीसाठी लेख लिहिला. घरात त्याचं फारसं कौतुक झालं नाही. विकीवरून मात्र तपासनिसांचा निरोप आला: लेखात किमान पंधरा अंतर्गत दुवे हवेत, म्हणजे विकीवरच्याच दुसऱ्या लेखांकडे नेणारे निळे शब्द. मोजून आज सहापर्यंत कळवा, नाहीतर लेख काढावा लागेल.

मोजणं म्हणजे खरं तर बाईंच्या हातचा मळ. पण आज आकडा काही केल्या जमेना. एकदा चौदा, मग सोळा, मग तेरा. मोजता मोजता त्या वाचायला लागायच्या, वाचता वाचता एखादं वाक्य खटकायचं, आणि ते मार्गी लावेपर्यंत आकडा गुल.

"एक्स्चेंजमध्ये आपले कॉल आपण कधीच मोजायचो नाही," त्या सुनेला म्हणाल्या. "शेजारच्या खुर्चीवरची मोजायची. आपल्याच कामात आपला डोळा अडकतो गं."

"मग त्या साच्याला बसवा की शेजारी," सून म्हणाली. "विकीवर दुवे मोजायचा साचा आहे, आई. मजकूर त्यात टाकायचा, आकडा तो सांगतो."

बाईंनी अख्खा लेख साच्यात चिकटवला. उत्तर आलं, शून्य.

घड्याळात साडेपाच. "एवढा निळाशार लेख आणि शून्य? डोळे फुटले की काय मेल्याचे!"

सुनेने साच्याखालच्या सूचना वाचून काढल्या. "लेखात कुठे बरोबरचं चिन्ह आहे का हो?"

होतं. पहिल्याच परिच्छेदात, 'एक दिवा = एक कॉल'. फलकावर एक दिवा लागला की एक कॉल; कामाची पाळी सुरू करताना वहीत पहिली ओळ हीच लिहायची सवय, ती लेखातही उतरली होती. साच्याचा मात्र घोळ झाला. चिन्हाच्या आधीचं सगळं त्याला कशाचं तरी नाव वाटलं आणि मोजायला मजकूरच उरला नाही. सूचनेत उपाय होता. सुनेने मजकुराच्या आधी 'एक' हा आकडा आणि बरोबरचं चिन्ह टाकलं, बस्स.

सतरा.

बाईंचा जीव भांड्यात पडला. "सतरा! दोन वरच!" आकडा कळवून त्या पाणी प्यायल्या. सहाला पाच मिनिटं असताना उत्तर आलं.

'लेख राहील. पण एक विचारू का? एवढ्या भोकांतलं कुणाचं कोणतं, हे तुमच्या लक्षात कसं राहायचं?'

एकतीस वर्षं लोकांनी बाईंना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, 'जोडून द्या' आणि 'लवकर'. हे कुणी विचारलं नव्हतं, घरातसुद्धा नाही. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आज स्वयंपाकाचं तू बघ," त्या सुनेला म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून लिहायला लागल्या, 'सांगते. पण थोडं मोठं आहे, चालेल ना?'

स्वयंपाकघराकडे निघालेली सून दारातून परत फिरली. "मोठ्यानं वाचत लिहा, आई," ती म्हणाली. "मलाही ऐकायचंय."