मला नको असलेली सीट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. आमच्या व्यवसायात ऐकणाऱ्यानंही कुणाकडे तरी जाऊन बोलावं अशी पद्धत आहे, म्हणून मीही एका मॅडमकडे जाते — त्यांनाही नाही. त्यांच्यासमोर मी रडलेसुद्धा आहे. पण भलत्याच गोष्टींवर. डोळे पुसताना आतून पक्कं ठरलेलं असायचं, की ही एक गोष्ट काढायची नाही. रडण्यातही लबाडी. शिसारी येते ना? मला येते.

मी सायकॉलॉजिस्ट आहे. नवी मुंबईत, सीबीडी बेलापूरला माझं छोटं क्लिनिक आहे — दारावर नावाची पाटी, आत समोरासमोर नाही तर जरा तिरक्या ठेवलेल्या दोन खुर्च्या, मध्ये टिश्यूचा डबा. लोक येतात, बोलतात, जाताना म्हणतात की तुमच्याकडे आलं की हलकं वाटतं. मी हसते. ते हसणं मी कुठे शिकले, ते सांगायला बसले आहे.

दर्शना माझी मैत्रीण. वाशीच्या कॉलेजात आम्ही दोघींनी सायकॉलॉजी घेऊन बीए केलं. मी कोपरखैरण्याची, वडील सरकारी नोकरीत, साताऱ्याकडून इथे येऊन स्थिरावलेलं घर. ती उरणकडच्या जासई गावची. त्यांची भातशेती कधीच सरकारी प्रकल्पात गेली होती. तिचे पप्पा गावात खोल्या भाड्यानं देत, कंटेनरच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर त्यांचे भाडेकरू. त्या घरातून एमएला जाणारी ती पहिलीच. आणि तिला दुसरं काही नको होतं. बाकीच्यांना सायकॉलॉजी हा विषय होता, तिला ती भूक होती.

एमए क्लिनिकलच्या सीट किती कमी असतात, हे त्या वाटेनं गेलेल्यालाच कळतं. आधी लेखी परीक्षा, मग इंटरव्ह्यू, मग ती वाट बघणं — फोनला हात लावायचा, मेल उघडायचा, बंद करायचा, पुन्हा उघडायचा. बेलापूरजवळच्या एका कॉलेजला आम्ही दोघींनी अर्ज केला होता. मी बंगळुरूलाही केला होता. तिनं नाही, पप्पा रोज घरी येता येईल एवढ्याच अंतरावर पाठवणार होते. म्हणजे तिच्याकडे हे एकच दार होतं. हे मला माहीत होतं — आधीपासून, पुरेपूर.

इंटरव्ह्यूची तयारी आम्ही आमच्या हॉलमध्ये केली. मी पॅनल व्हायचे, ती उमेदवार. मी तिला काय शिकवत होते? बोलणं. “पन नाही, पण. हाय नाही, आहे.” ती बिचारी हसून पुन्हा म्हणायची. आई पोहे आणून ठेवायची आणि मला म्हणायची, किती मदत करतेस तिला. मला ते ऐकायला आवडायचं. माझ्या खालची कुणीतरी मैत्रीण असावी, हे मला फार आवडायचं — चला, हेही म्हणून टाकलं.

इंटरव्ह्यू एकाच दिवशी झाले. माझा आधी. मला विचारलं, लोक तुमच्याकडे मन मोकळं का करतील? मी पुस्तकातलं उत्तर दिलं, सहानुभूती, विनाअट स्वीकार वगैरे. पॅनलमधल्या एका सरांनी मध्येच चहाचा कप उचलून आत डोकावून बघितलं. संपला होता. तेवढंच त्यांचं लक्ष. मग दर्शना आत गेली. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे बाहेर बाकावर सगळं ऐकू येत होतं. तिलाही तोच प्रश्न. तिनं इंग्रजीत सुरुवात केली, अडखळली, आणि मग मी इतके दिवस घासूनपुसून काढलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर आलं — “नाय करनार सर, पयल्या दिवशी. मी पन नसता केला. मी थांबेन.” आणि मग सगळे हसले. चेष्टेनं नाही हो. छान वाटल्यासारखे हसले. पुढची पंधरा-वीस मिनिटं त्या खोलीत गप्पा चालल्या होत्या.

मला तेव्हा जे झालं, त्याला मी आज व्यावसायिक शब्द देऊ शकते. देत नाही. जळाले.

निकाल लागला तेव्हा लेखी परीक्षेच्या मार्कांनी मी वर गेले. मला सीट मिळाली. दर्शना वेटिंगवर पहिली. म्हणजे निवडलेल्यांपैकी एकीनंही सोडली, की ती आत. बाबा म्हणाले, बंगळुरूचं नक्की होईपर्यंत इथली धरून ठेव. त्यात गैर काहीच नव्हतं, सगळेच तसं करतात. मग बंगळुरूचंही आलं. मला तेच हवं होतं, बाबांनी होकार दिला, माझं तिथलं पक्कं झालं. आता इथल्या कॉलेजला दोन ओळींचा मेल करायचा होता — मी येत नाही, सीट सोडत आहे. दोन ओळी.

मी दर्शनाला फोन करून बंगळुरूचं सांगितलं. ती आधी माझ्यासाठी ओरडली — खरंच, आधी माझ्यासाठी. आणि मग हळूच विचारलं, “मंग इथली सोरशील ना गो?”

मी म्हणाले, “सोडली पण. सकाळीच मेल केला.”

केला नव्हता. संध्याकाळी करणार होते. तेवढंसं खोटं, कोण बोलत नाही? तिला आनंद झालेला ऐकायचा होता मला, माझ्यामुळे झालेला. तो ऐकला. ती रडत होती आणि तिची आई मागून विचारत होती, काय झाला, काय झाला. आणि मग दर्शना म्हणाली, “पॅनलवरच्या मॅडम मना बोलल्या व्हत्या इंटरव्ह्यूनंतर, तू पायजेस आमाला म्हनून.”

तू पाहिजेस आम्हाला. मला कुणी असं म्हणालं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मेल उघडला. पत्ता टाकला. आणि तसाच बंद केला. उद्या करू म्हटलं. का? बघा, इथे मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले की आळस होता, जाण्याची गडबड होती, बॅगा भरायच्या होत्या. गडबड कसली! मी ज्या खुर्चीवरून उठणार होते, तिच्यावर ती बसणार आणि माझ्यापेक्षा चांगली होणार, हे मला दिसत होतं. ते मला नको होतं. मला सीटही नको होती, पण ती तिला मिळायलाही नको होती. एवढं हलकट, एवढं साधं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. कॉलेजकडून काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशीही. मग रोजच. जेवणं झाली की फोन वाजायचा आणि मी आतल्या खोलीत जाऊन पलंगावर मांडी घालून बसायचे. आणि काय करायचे माहितीये? ऐकायचे. पुस्तकात वाचलं होतं तसं. मध्ये बोलायचं नाही, तिचेच शब्द तिला परत द्यायचे. “म्हणजे तुला हतबल वाटतंय.” “वाट बघणं सहन होत नाहीये तुला.” ती म्हणायची, तुझ्याशी बोललं की बरं वाटतं. आणि मला — हेही लिहूनच टाकते — मला मजा येत होती. तिचं रडणं मला आवडत होतं. माझा आवाज किती छान, किती शांत लागतोय, याकडे माझं लक्ष होतं. जखम मीच केलेली, आणि फुंकरही मीच घालत होते, वर स्वतःच्या फुंकरीवर खूश. माझी पहिली पेशंट दर्शना. तिच्यावर हात साफ करून मी बंगळुरूला गेले.

याच्याही पुढे आहे. थांबा.

तिचे पप्पा कॉलेजात गेले. आठवडा होत आला तरी काही कळेना, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून, मुलीला घरी ठेवून, एकटेच गेले. ऑफिसात म्हणाले, एक सीट रिकामी झाली आहे, आमच्या पोरीच्या मैत्रिणीनं सोडली आहे, आता आमच्या पोरीला का बोलवत नाही? तिथल्या माणसानं सांगितलं, कुणीही सोडलेली नाही. हे म्हणाले, सोडली आहे. तो म्हणाला, नाही. आवाज चढले. शेवटी त्यांना बाहेर जायला सांगितलं — शिपायाकडून, सगळ्या मुलामुलींदेखत.

दर्शनानं हे मला दुपारच्या फोनवर सांगितलं. ती रडत नव्हती, चिडली होती. “खोटा बोलतान गो ते. तू सोरलीस ना? मंग? कोनाला तरी इकली असंल त्यांनी.”

ही शेवटची संधी होती. मी तेव्हा बोलू शकले असते. विसरले म्हणाले असते, मेल गेलाच नाही म्हणाले असते, काहीही. मुदत संपायला अजून अवकाश होता. तिला सीट मिळाली असती, आणि ती माझ्यावर फार तर दोन दिवस रुसली असती.

मी म्हणाले, “असंच असतं गं. आतून सेटिंग असतं सगळीकडे.”

ज्या माणसानं खरं सांगितलं, त्याला मी खोटं ठरवलं. आणि त्यानंतर मेल करायची तर सोयच उरली नाही, कारण मेलवर तारीख असते. आधी जळत होते म्हणून गप्प होते, आता घाबरले होते म्हणून गप्प. मुदत संपली. मी गेलेच नाही, म्हणून माझं नाव त्यांनी कधीतरी काढून टाकलं असेल; तोवर प्रवेश बंद झाले होते. पुढे एका कार्यशाळेत त्याच बॅचची एक मुलगी भेटली. चहा पिता पिता म्हणाली, आमच्याकडे एक सीट दोन्ही वर्षं रिकामीच होती, कुणीतरी मूर्ख मुलगी न कळवता निघून गेली. मी म्हणाले, काय लोक असतात ना. बिस्किटही खाल्लं वर.

तुम्ही म्हणाल, पुढच्या वर्षी परत द्यायची होती परीक्षा. दर्शनाला द्यायची होती. पप्पांनी नाही म्हटलं. जिथे सीट विकतात आणि बापाला शिपायाकडून हाकलतात, तिथे माझी पोर जाणार नाही. म्हणजे माझ्या वाक्यावर त्यांनी निर्णय घेतला. “आतून सेटिंग असतं” — मी सहज फेकलेलं, ते त्यांच्या घरात खरं होऊन बसलं. तिनं गावाजवळच्या एका कंटेनर यार्डात ऑफिसची नोकरी धरली. आजही तिथेच आहे, गेटपास आणि गाड्यांच्या नोंदी बघते. लग्न झालं, सासर जवळच. सायकॉलॉजीचं नाव ती फक्त माझ्या संदर्भात काढते. तिच्या ओळखीतलं कुणी खचलं की माझा नंबर देते. सांगते, माझ्या वाईट दिवसांत हीच माझ्याजवळ होती.

गेल्या महिन्यात तिनं पप्पांना आणलं. जेवत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, पडून असतात. ओळखीच्या माणसाला आपल्याकडे घेऊ नये, दुसऱ्याकडे पाठवावं, हे आमच्यात अगदी सुरुवातीला शिकवतात. मी पाठवायला हवं होतं. पण मग दर्शनानं विचारलं असतं, का? म्हणून घेतलं. इतक्या वर्षांनीही मी माझी कातडीच वाचवत होते.

दर्शना बाहेर बसली. ते आत, त्या तिरक्या खुर्चीवर, चपला दाराबाहेर काढून. पहिल्या दिवशी बोलले नाहीत. दुसऱ्या वेळी टिश्यूच्या डब्याकडे बघत म्हणाले, “ते दिवशी मना बोलाला नाय जमला. ऑफिसात. सायबाशी कसा बोलाचा, ता आमाला म्हाईत नाय. मी वरडलो. नसतो वरडलो तं पोरीला भेटली असती सीट. माजेमुलं गेली तिची.”

सगळी वर्षं ते हे घेऊन बसले होते.

मी काय केलं? मी पुढे झुकले. आवाज खाली आणला. म्हणाले, “काका, त्यात तुमची काहीही चूक नव्हती.”

आयुष्यात त्या प्रकरणाबद्दल मी बोललेलं हे एकमेव खरं वाक्य. आणि तेही मी उपचार म्हणून वापरलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही आधी; मग ठेवला. दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, तू हायेस म्हनून. मी तो ठेवू दिला. मान जरा खालीही केली, त्यांना पोचावं म्हणून.

ते गेल्यावर मी बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. ओकारी येईल असं वाटलं होतं. आली नाही. पुढचा पेशंट आला, मी दार उघडलं.

संध्याकाळी दर्शनाचा मेसेज आला. “पप्पा आज पोटभर जेवले. तुझे उपकार कसे फेडू गो.”

मी तिला लाल बदाम पाठवला.