वरची टाकी, खालची टाकी

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांची खाट पुढच्या खोलीत आहे. जन्मभर शेतात दारं धरून पिकाला पाणी दिलेला माणूस. आता डावा हात तेवढा हलतो, बोलणं उमटत नाही. दिवसभर छताकडे बघत पडून असायचे. मला ते बघवेना. शेवगावात एक जण जुना फिशटँक विकत होता, तो मी टेम्पोत घालून घरी आणला.

वर मोठी काचेची टाकी, खाली कपाटात छोटी. वरचं पाणी एका पाइपातून खाली उतरतं, तिथं गाळून निघतं आणि पंप ते परत वर चढवतो. मासे आले आणि मामांची मान छतावरून वळली. दोन घास जास्त जायला लागले.

पण आमच्याकडे मोटर म्हटली की मोठीच हवी. ह्यांनी पंप काढून दुप्पट ताकदीचा बसवला. म्हणाले, "पानी कसं जोरात पडलं पाहिजे." पडलं ना! उतरत्या पाइपाला तेवढं पाणी पेलवेना. वरची टाकी भरून वाहिली आणि माझ्या सासूबाई, आमच्या आत्या, फरशीवर घसरल्या. गुडघा हा एवढा सुजला. हे गुपचूप गोठ्यात निघून गेले.

आत्या शांतपणे म्हणाल्या, "आता एकडाव पानी सांडलं, की मासं हिरीत सोडीन."

त्यांचं काही चुकत नव्हतं. हेही म्हणाले, जाऊ दे, देऊन टाकू कुणाला तरी. माझं डोकंच फिरलं. मी सांगितलं, टाकी इथंच राहील. मामांना पुन्हा छताकडे बघत पडून राहू देणार नाही.

जुना पंप परत लावावा, तर तो ह्यांनी तोवर कूलरला लावून जाळला होता. मग शेतातलं ठिबक आठवलं. मोटर जास्त ताकदीची असली की आपण बायपासचा कॉक उघडतो आणि जादा पाणी विहिरीत परत सोडतो. इथंही तेच करायचं. पंपाच्या पाइपाला टी जोडला, एका फाट्याला कॉक बसवला आणि जादा पाणी खालच्याच टाकीत वळवलं. आता कॉक असा लावायचा, की जेवढं उतरतं तेवढंच चढेल.

पण कपाटात डोकं घातलं की वरची टाकी दिसेना. मी कॉक फिरवत बसले होते, तेवढ्यात आत्यांचा आवाज आला, "कमी कर म्हनत्यात."

"कोण?"

"हे. हात खाली केलाय."

शेतात मामा वाफ्यात आणि आत्या मोटरीपाशी असायच्या. हात वर म्हणजे वाढव, खाली म्हणजे कमी कर, आडवा म्हणजे राहू दे. मी कॉक आणखी उघडला. वर चढणारं पाणी कमी झालं.

"लई कमी झालं. वाढव." मी थोडा आवळला.

"आता आडवा धरलाय. ऱ्हाऊ दे."

वरचं पाणी ठरल्या जागी थांबलं. पण आमच्याकडे वीज कधीही जाते, आणि गेली की वरचं पाणी पंपाच्या पाइपातून उलटं खाली येतं. त्यासाठी त्या पाइपाला पाण्याच्या जरा खाली बारीक भोक पाडलं होतं. पाणी तिथवर उतरलं की भोकातून हवा शिरते आणि उलटं येणं थांबतं. तेवढं पाणी मावावं म्हणून खालची टाकीही अर्धीच भरली होती.

आत्या लंगडत पंपाच्या बटणापाशी गेल्या आणि मला न विचारता त्यांनी ते बंद केलं. खालचं पाणी चढायला लागलं. काठाच्या दोन बोटं खाली ते थांबलं.

आत्यांनी बटण चालू केलं. मग फरशीवरून तळपाय फिरवला. कोरडी होती. मामांचा हात अजून आडवाच होता. तो त्यांनी दोन्ही हातांत धरून अलगद खाली ठेवला.

"भिजलं सगळं रान," त्या म्हणाल्या. "चला आता घरी."

मी डोकं कपाटातच ठेवलं आणि रडून घेतलं.