मूठ उघडा, मूठ मिटा

माझ्या नवऱ्याची उमेदीची सारी वर्षं आखातात, बोटींवर गेली. नोकरी संपवून समुद्राकाठी, मांडवीला घरी आले आणि हळूहळू त्यांचे हात ऐकेनासे झाले. शर्टाची बटणं लागेनात. एकदा बाजारातून आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठे निसटली, ते त्यांना कळलंच नव्हतं.

इथल्या डॉक्टरांनी मुंबईला, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात पाठवलं. मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दाबला जात होता. तिथले सर्जन स्पष्टच बोलले, "ऑपरेशनने आहे ते टिकेल. गेलेलं किती परत येईल, ते मी सांगू शकत नाही."

"मग कापायचं तरी कशाला?" मी विचारलं.

"नाही कापलं तर पायही जातील."

ऑपरेशन झालं. चालणं बरंच सुधारलं, हात थोडेसेच. तिथे या दुखण्यावर अभ्यास चालला होता. त्यात यायला हे आनंदाने तयार झाले. त्यामुळे घरी परतल्यावरही एका तरुण डॉक्टरणीचा अधूनमधून व्हिडिओ कॉल यायचा. मी मोबाइल धरायची. "काका, मूठ उघडा, मिटा. भराभर!" मग चालण्याचं, दुखण्याचं विचारायची. यांचं उत्तर ठरलेलं, "अल्लाच्या मेहरबानीने झकास."

एकदा मला राहवलं नाही. "परवाच वाळूत पडले," मी म्हटलं.

हे चिडले. "त्या लोकांनी एवढं केलं, आणि तू गाऱ्हाणी सांगतेस?"

"काका," डॉक्टरीण म्हणाली, "पुढच्या पेशंटला आम्ही काय सांगायचं, ते तुमच्याकडूनच कळणार ना? तुम्ही सगळं गोड सांगितलंत तर तो फसेल."

हे मोबाइलजवळ सरकले. मग तिच्याकडे बघत बोलू लागले. बोटांत सारख्या मुंग्या असतात. चहा गरम की गार, ओठाला लागेपर्यंत समजत नाही. नात आली की तिला उचलायची भीती वाटते. हातून पडली तर? म्हणून मुद्दाम पेपर उघडून बसतो.

मला वाटायचं, वयाने यांना पोरांचा कंटाळा येऊ लागलाय.

कॉल संपल्यावर मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू रडली असतीस."

"मग रडले असते."

पुढच्या वेळी नात आली तेव्हा मी यांना पलंगावर भिंतीला टेकून बसवलं आणि ती मांडीवर दिली. आधी अगदी ताठ बसले होते. तिने दाढी धरून ओढली, तेव्हा मात्र मोठ्याने हसले.