फोटो आय पुसा

बायको, शोभा, गेल्यापासून आमच्या घरात माझं ऐकणारं एकच कोणी उरलं होतं, ते म्हणजे गॅरेजचं शटर. रिमोट दाबला की वर, दाबला की खाली. उलट उत्तर नाही. (संसारात हे सुख मला कधी मिळालं नव्हतं.) शोभाला वाकून शटर ओढवत नव्हतं, म्हणून आमच्या पोरानं, प्रशांतनं, दहा वर्षांपूर्वी पुण्याहून येऊन त्याला मोटार बसवली होती. तीन वर्षांपूर्वी शोभा गेली. मग एका सकाळी शटरही उलटलं.

तेही नेमकं प्रशांत येणार त्या सकाळी! दीड वर्षानं तो दोन दिवसांसाठी येत होता, आणि मी गाडी घेऊन तुमसर रोड स्टेशनवर जाणार होतो. "ऑटोनं येतो ना बाबा," असं तो चारदा म्हणाला होता, मी चारदा नाही म्हटलं. आपलं माणूस रेल्वेतून उतरावं आणि आपण समोर उभे असावं, एवढंच मला हवं होतं. एरवी माझी भेट घ्यायला फक्त दूधवाला येतो.

गाडी बाहेर काढली, रिमोट दाबला. शटर अर्धं खाली आलं, थबकलं आणि परत वर गेलं. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. हातानं ओढायची साखळी केव्हाच गंजून तुटलेली, आणि गॅरेजमधून घरात जायच्या दाराला कडी नाही. सगळं उघडं टाकून जाणार कसं? तुमसरच्या राइस मिलमध्ये जन्मभर मोटारी दुरुस्त केलेला माणूस मी! स्टुलावर चढलो, मोटारीला तेल पाजलं, स्क्रू आवळले, शेवटी दोन थापडाही मारल्या. शटर वरच.

हरून प्रशांतला फोन लावला. तो रेल्वेत, आवाज तुटक. म्हणाला, "बाबा, पहिले फोटो आय पुसा." मला ऐकू आलं ते असं: फोटो, आई, पुसा. आणि फोन कटला.

पोरगं एवढ्या दिवसांनी घरी येतंय आणि त्याला पहिली आठवण आईच्या फोटोची! इथे हॉलमधल्या तिच्या फोटोच्या काचेवर मिलकडून उडून येणाऱ्या धानाच्या कोंड्याचा थर. मला माझीच लाज वाटली. फोटो उतरवून ओल्या फडक्यानं पुसला, मग कोरड्यानं. तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"पुसली काय?"

"पुसली रे बाबू. डोळ्यांत पाणी आलं."

"कोंडा गेला असन डोळ्यात. आता दुसरी पण पुसा. शटरच्या दोन बाजूंनी, खाली, समोरासमोर पाहिजेत. एक जराशी वाकडी झाली तरी बंद होत नाही."

दुसरी म्हणजे आमच्या लग्नाचा फोटो, तो बेडरूममध्ये होता. मोटार त्यानं आईसाठी बसवलेली, असेल त्याच्या मनात काही, असं म्हणून मी शटरच्या दोन बाजूंना दोन पाट मांडले आणि दोन्ही फोटो समोरासमोर टेकवले. रिमोट दाबला. शटर अर्ध्यातून परत! शोभाचा फोटो जरा वाकडा वाटला, तो सरळ केला. तरी तेच. पुन्हा फडकं घेऊन बसलो.

शेजारच्या सुमनबाई फाटकात येऊन उभ्या राहिल्या. "काय पुसून राहिले भाऊजी?"

आमच्याकडे पुसणं म्हणजे विचारणंही. मी आपलं खरं तेच सांगितलं, "हे काहून बंद होत नाही, ते."

सुमनबाईंनी फोटोला हात जोडले आणि हळूच निघून गेल्या. मी शटरसाठी बायकोचा कौल लावतो, ही बातमी थोड्याच वेळात मोहल्लाभर झाली.

खरं सांगतो, त्या गेल्यावर मी शोभाला पुसलंच. शटरचं नाही. एवढ्या घरात मी एकट्यानं काय करायचं, ते. तीन वर्षांत मोठ्यानं पहिल्यांदाच. या नादात रेल्वेची वेळ टळून गेली.

फाटकात ऑटो थांबला, प्रशांत उतरला. "बाबा, हे काय मांडून ठेवलं?"

"तूच तर म्हणाला, फोटो, आई पुसा म्हणून."

तो पोट धरून हसला, हसता हसता जमिनीवर बसला, आईचा फोटो मांडीवर घेतला आणि बराच वेळ उठला नाही. फोटो टेकला होता तिथेच, मागे शटरच्या पट्टीवर बटणाएवढी काच होती. "ही फोटो आय, बाबा. आय म्हणजे डोळा, मधात काही आडवं दिसलं की शटर परत वर. दुसरी तुमच्या लग्नाच्या मागं आहे." रुमालानं त्यानं दोन्हींवरचा धानाचा कोंडा पुसला. शटर निमूट खाली आलं. "पुन्हा अडलं तर फोन करा, केव्हाही," तो म्हणाला.

दोन दिवसांनी तो गेला. महिना झाला, शटर एकदाही अडलं नाही. फोन करायला काही कारणच उरलं नाही. शेवटी काल चिमूटभर कोंडा घेतला, अंगठ्यानं त्या डोळ्याला नीट चोपडला आणि प्रशांतला फोन लावला. जन्मभर मशिनी दुरुस्त केल्या, पण बिघाड कुठे आहे हे इतकं पक्कं मला पहिल्यांदाच ठाऊक होतं!