‘सेल-सॉल्ट’चे बाबीकाका

बाबीकाका परब ड्रमवर बसण्याआधी चपला काढून ठेवत, देवळाबाहेर काढाव्यात तशा. पेडल मारायचे ते अनवाणी पायांनीच. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ओमानमधल्या मदिनत सुलतान काबूस वस्तीत, क्लेअरच्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये, बँडच्या तालमीला. पन्नाशीचा माणूस, अंगात मेंटेनन्स कंपनीचा निळा युनिफॉर्म, खिशात टेस्टर, आणि हातात असा ताल की मी खांद्यावरचं बास गिटार उतरवायचंच विसरलो.

क्लेअर शाळेत फ्रेंच शिकवायची आणि गायची. ग्रॅहम हा इंग्रज इंजिनियर गिटार वाजवायचा. बँडचं नाव ‘सेल-सॉल्ट’. दोन्ही शब्दांचा अर्थ मीठ. एक फ्रेंच, एक इंग्रजी. गाणीही तशीच, एक कडवं या भाषेत, पुढचं त्या. बाबीकाका क्लेअरकडे मुळात आले होते एसी दुरुस्त करायला. तेव्हाचा ड्रमर चुकत होता, तर यांनी शिडीवरूनच पान्यानं पाइपावर बरोबर ताल धरला. दशावतारात पखवाज वाजवलेला हात तो! ही हकिकत मला ग्रॅहमनं सांगितली. मी बँडमध्ये बराच नंतर आलो.

नव्या गाण्यात कुठली भाषा जास्त, यावरून क्लेअर आणि ग्रॅहमची हमखास जुंपायची. काका मध्ये बसून दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत आणि हसत.

“माका दोनय भाषा येणत नाय, म्हणान दोनय सारख्योच,” ते म्हणत. “भांडाण तेंचा. तू माका मात्रा सांग.”

मग मी त्यांच्या गुडघ्यावर बोटांनी मात्रा मोजून दाखवायचो. बाकीचे दोघे त्यांच्याशी हातवारे करूनच बोलत. त्यांच्याशी मराठीत बोलणारा मी एकटा.

अडीच वर्षांत आम्ही बरंच वाजवलं. हॉटेलांच्या हिरवळीवर, शाळांच्या जत्रेत, एकदा तर थेट सलालाहला. तिथे ओमानी पोरं फ्रेंच कडव्यावर नाचली आणि काका घामानं निथळत मला म्हणाले, “बघ झिला, मीठ सगळ्या जेवणात चलता.” पुढे फ्रान्समधल्या एका छोट्या कंपनीनं आमची गाणी मागवली आणि आम्ही घुब्रा भागातल्या एका स्टुडिओत पोचलो.

तिथे ड्रमसाठी वेगळी खोली होती. जमिनीवर जाड गालिचा, मध्ये काच, काचेवर दिव्याची तिरीप. काकांना हेडफोन घातले आणि आम्ही सुरू केलं. पहिल्याच कडव्यात सगळं विस्कटलं. ग्रॅहमनं हात वर करून थांबवलं. आम्ही थांबलो. काका थांबले नाहीत. मान खाली, वाजवतच राहिले.

मी दार उघडून त्यांच्या मागे गेलो. “काका!” मग ओरडलो, “बाबीकाका!” शेवटी त्यांचे हेडफोन काढले तेव्हा ते दचकून वळले. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काठ्या मांडीवर ठेवल्या.

“माजे कान गेले, झिला. तीन वर्सां झाली.”

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो.

“कंपनीच्या मेडिकल तपासणेत समाजला तर अर्बाब नोकरीवरसून काढून घराक धाडतलो. चेडवाचा नर्सिंगचा शेवटचा वर्स हा.”

“मग वाजवता कसं?”

“क्लेअरबाईचो गळो बघतंय, तुझी बोटां बघतंय. रवलेला जमनीतसून पाय सांगतत. आज काचेआड, गालिच्यार बसवलास. काय करतलंय?”

हे सगळं मी त्या दोघांना इंग्रजीत सांगितलं तेव्हा ग्रॅहमनं गिटार खाली ठेवलं. क्लेअर स्टुडिओवाल्याला म्हणाली, “ड्रम बाहेर काढा.” आवाज एकमेकांत मिसळतील म्हणून स्टुडिओवाला कुरकुरत राहिला, पण मोठ्या खोलीत लाकडी फळ्या टाकल्या गेल्या. त्यावर ड्रम, शेजारी माझा अ‍ॅम्प्लिफायर, समोर क्लेअर. त्या दुपारी सहा गाणी झाली. एकदाही ताल हलला नाही.

तेच काकांबरोबरचं आमचं शेवटचं वाजवणं. महिन्याभरात काका कामावर असताना, इमारत थंड ठेवणाऱ्या यंत्रांच्या खोलीत गॅसचा पाइप फुटला. धोक्याचा भोंगा वाजत होता आणि काका वाकून नटबोल्ट आवळत होते. एक मल्याळी सहकारी परत आत शिरला आणि त्यांना ओढत घेऊन आला. तो दोन दिवस इस्पितळात होता. तिसऱ्या दिवशी काकांनी स्वतःच अर्बाबला, म्हणजे मालकाला, सगळं सांगून टाकलं.

“माज्यापायी दुसरो मरात, ता नको,” एवढंच मला म्हणाले.

फ्रान्सच्या कंपनीनं दौऱ्याला बोलावलं होतं. आम्ही दोन ड्रमर बसवून पाहिले, जमलं नाही. क्लेअर मायदेशी गेली, ग्रॅहम दोहाला. ‘सेल-सॉल्ट’ खलास.

पण त्याआधी, काका कायमचे गावी परतले त्या सकाळी, मी त्यांना सोडायला विमानतळावर गेलो होतो. बॅगा देऊन झाल्यावर मी म्हणालो, “काका, माफ करा. आपण रोज मराठीत बोलत होतो. निदान माझ्या तरी लक्षात यायला हवं होतं.”

त्यांनी माझ्या ओठांकडे शेवटपर्यंत नीट पाहिलं.

“तू बँडात इलस तेव्हा कान गेलेलेच होते रे. तुझो आवाज मिया कधी ऐकूकच नाय.” मग पासपोर्ट खिशात सरकवत, सहज चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, “कसो आसा? जाडो, काय बारीक?”