रोलरला हात लावायचा नाही

कारखानदाराच्या शेजारी राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, भिंतीवरून आपोआप येतात. सिडकोत आमच्या भिंतीपलीकडे वसंतभाऊ आणि मंगलवहिनी राहायचे. भाऊंची अंबडच्या औद्योगिक वसाहतीत छोटी शेड होती. भट्टीत लालबुंद होऊन फिरणारे लोखंडी रोलर झिजू नयेत म्हणून भाऊ त्यांच्यावर एक कडक पावडर वितळवून गनने फवारायचे. त्याला म्हणायचं कोटिंग.

*

गनचा आवाज विमानासारखा. दिवसभर तो ऐकून भाऊ घरीही ओरडूनच बोलायचे.

"मंगल, भाजीत मीठ नाही!"

वहिनी उठायच्या आत मी भिंतीवरून बरणी पुढे करायची.

*

एकदा हौसेने त्यांनी घरच्या तव्यालाच कोटिंग केलं. "जन्मभर झिजणार नाही," म्हणाले.

तवा नाही झिजला. वहिनी दर दिवाळीला नवं उलथणं घ्यायच्या.

*

कोटिंगच्या आधी रोलरवर बारीक कणांचा मारा करून तो खरबरीत करतात. मग त्याला उघडा हात लावायचा नाही. हाताचं तेल लागलं की कोटिंग धरत नाही. भाऊंना इतकी सवय झाली की घरी लाडूही रुमालात धरायचे.

वहिनी म्हणायच्या, "बरं झालं, लग्न आधी झालं. नाहीतर हातमोजे घालून माझा हात धरला असता."

*

मग सळ्यांच्या एका मोठ्या कारखान्याने भाऊंना एक रोलर ट्रायलला दिला. टिकला तर सगळं काम यांचं. नाही टिकला तर शेड विकून नोकरी बघायची, असं भाऊ मोठ्याने बोलले, म्हणजे आम्हा सगळ्यांना कळलं.

भट्टीत महिनाभरात कोटिंग सुटलं. सगळीकडे नाही, रुपयाएवढ्या दोनच ठिकाणी. भाऊंनी पावडर बघितली, गन उघडली, गॅस तपासला. काही सापडेना. तेव्हा पहिल्यांदा पलीकडून आवाज येईना.

*

कारखान्याच्या साहेबांनी आणखी एक संधी दिली आणि स्वतः बघायला आले. वहिनी चहा घेऊन गेल्या, कप धरायला मी. मारा करून रोलर तयार होता, राखेसारखा करडा. साहेब भाविक. बूट काढले आणि पाया पडावं तसे दोन्ही हात रोलरकडे नेले.

वहिनींनी किटली टाकून त्यांचं मनगट धरलं.

"साहेब, हात नको. मागच्या खेपेला, कोटिंगच्या आधी, खंडेनवमी म्हणून मी रोलरला बोटाने हळदकुंकू लावलं होतं. पदराने पुसलंही होतं. तरी सुटलं."

भाऊ वहिनींकडे बघत राहिले. मग त्यांनी गन पेटवली.

*

तो रोलर टिकला. पुढच्या खंडेनवमीला शेडमध्ये करड्या रोलरची रांग लागली होती. वहिनी हळदकुंकवाचं ताट घेऊन दारातच थांबल्या.

भाऊंनी गन खाली ठेवली, टोपी काढली आणि त्यांच्यासमोर कपाळ पुढे केलं.